रोटी सुटली, बेटी अडली

कोणाच्या पंगतीला बसायचे आणि कोणाच्या घरी मुलगी द्यायची, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर महाराष्ट्रातल्या जातींच्या हद्दी ठरत आल्या. पहिला रोटीव्यवहार, दुसरा बेटीव्यवहार. आगगाडीचा डबा, गिरणीतली जेवणाची सुट्टी, इराण्याचे हॉटेल आणि शहरातली वसतिगृहे यांनी पहिल्या व्यवहाराची बंधने शंभर वर्षांत बरीच सैल केली. ती संपली असे नव्हे. गावच्या पाणवठ्यावर आणि शहरात भाड्याच्या घराची चौकशी करताना ती अजून आडवी येतात. तरी बेटीव्यवहाराशी तुलना केली तर हा बदल मोठाच. लग्न मात्र जातीतच जमते. मुंबई-पुण्यातल्या समाजशास्त्राने आणि मानवशास्त्राने शंभर वर्षांत अनेक विषय हाताळले, पण त्यातले टिकाऊ काम पाहिले तर ते पुन्हापुन्हा याच एका गाठीपाशी येते : सोयरीक कोणाची कोणाशी होते, आणि का.

विद्यापीठांनी हा विषय हाती घेण्याआधी तो सरकारी दप्तरात होता. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी जातींची सामाजिक उतरंड लावली आणि तिचा संबंध वंशाशी, त्यातही नाकाच्या मापाशी जोडला. जात जितकी वरची तितके नाक अरुंद, असे ते समीकरण. मुंबई इलाख्यापुरते हे काम आर. ई. एन्थोवेन यांनी १९२० ते १९२२ या काळात तीन जाडजूड खंडांत केले. जातवार नोंदी, पोटजाती, विवाहाच्या चाली, दैवते असा सगळा माल त्यांत आहे; आजही अभ्यासक ते खंड उघडतात आणि त्यातली भाषा वाचून थोडे अवघडतात. याच सुमारास मराठीत त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ आले होते, १९१५ साली. महसूल खात्यातल्या नोकरीत गाव जवळून पाहिलेल्या आत्र्यांनी पाटील-कुलकर्ण्यांपासून बलुतेदार आणि फिरस्त्यांपर्यंत गावाचा व्यवहार उलगडून दाखवला. विद्यापीठाचा शिक्का नसलेले हे पुस्तक पुढच्या कित्येक प्रबंधांपेक्षा जास्त वाचले गेले.

जातीवरचा विद्यापीठीय अभ्यास मराठी माणसांनी सुरू केला, पण तो महाराष्ट्रात नव्हे, अमेरिकेत. पुढे ज्ञानकोशकार म्हणून प्रसिद्ध झालेले श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना त्यांचा भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरचा इंग्रजी ग्रंथ १९०९ साली निघाला. मनुस्मृती हे त्याचे मुख्य साधन. जातीची व्याख्या करताना केतकरांनी दोन गोष्टी धरल्या : सभासदत्व जन्माने मिळते, आणि गटाबाहेर लग्न करायला मनाई असते. (स्वतः केतकरांनी पुढे एडिथ कोहन या जर्मन-ज्यू स्त्रीशी लग्न केले. व्रात्यस्तोम विधी करून त्या हिंदू झाल्या आणि शीलवती केतकर या नावाने मराठीत वावरल्या.)

केतकरांची ही व्याख्या सात वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तपासायला घेतली. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात भीमराव रामजी आंबेडकर यांनी भारतातील जातींची यंत्रणा, उगम आणि विकास या विषयावर निबंध वाचला. तो दुसऱ्या वर्षी ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. केतकरांचा गौरव करूनच आंबेडकरांनी एक दुरुस्ती सुचवली : बाहेर लग्नाला मनाई आणि जन्माने सभासदत्व ही दोन लक्षणे नाहीत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. लग्न गटातच होत असेल तर मूल दुसरीकडून येणारच कुठून?

निबंधाचा खरा जोर पुढे आहे. भारतात मुळात सगोत्र विवाह निषिद्ध, म्हणजे लग्न गोत्राबाहेर करण्याचा नियम. त्यावर गटाच्या आतच लग्न करण्याचा दुसरा नियम लादला गेला तेव्हा जात तयार झाली. पण असे कुंपण घातले की हिशेबाचा प्रश्न उभा राहतो. गटात लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष सारखे असायला हवेत, आणि मृत्यू तर जोडप्याजोडप्याने येत नाही. नवरा मेला की एक बाई शिल्लक उरते. तिने गटातल्या दुसऱ्या पुरुषाशी लग्न केले तर कुणा कुमारिकेचा वाटा जातो. गटाबाहेर केले तर कुंपण मोडते. म्हणून एक तर ती नवऱ्याबरोबर जाळली जाते, नाही तर आयुष्यभर वैधव्यात कोंडली जाते. बायको मेली तर उरलेल्या पुरुषाचे काय? त्याला जाळता येत नाही आणि संन्यास लादणेही गटाला परवडत नाही. मग अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींमधून त्याला बायको दिली जाते. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चाली धर्मभावनेतून उगवल्या नाहीत, कुंपण सांभाळण्याच्या गरजेतून आल्या, असे आंबेडकरांचे म्हणणे. ब्राह्मणांनी आधी स्वतःला कोंडून घेतले आणि बाकीच्यांनी त्यांचे अनुकरण केले, हे सांगताना त्यांनी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांच्या अनुकरणाच्या सिद्धांताचा आधार घेतला.

जातीचा इतका नेमका, स्त्रीच्या देहाशी जोडलेला उलगडा त्या काळात दुसऱ्या कोणी केला नव्हता. तरीही भारतातल्या समाजशास्त्राच्या वर्गांत हा निबंध कित्येक दशके क्वचितच शिकवला गेला. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड काढला, तेव्हा हा निबंध सहज हाती लागू लागला.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला. प्रमुख होते पॅट्रिक गेडिस, स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार. शहर पायी फिरून वाचायचे असते, ही त्यांची शिकवण. जातीत त्यांना फारसा रस नव्हता. विभागाला पुढे जे वळण लागले ते गोविंद सदाशिव घुर्ये यांच्यामुळे. मालवणात १८९३ साली जन्मलेले घुर्ये मूळचे संस्कृतचे विद्यार्थी. विद्यापीठाने त्यांना इंग्लंडला पाठवले. तिथे आधी लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ हॉबहाउस आणि मग केंब्रिजला मानवशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. १९२२ साली रिव्हर्स अचानक वारले आणि प्रबंध हॅडन यांच्याकडे पुरा झाला. १९२४ पासून १९५९ पर्यंत मुंबईचा विभाग म्हणजे घुर्ये, असे समीकरण राहिले.

१९३२ साली त्यांचा जात आणि वंश यांवरचा ग्रंथ निघाला. त्यात जातीची सहा लक्षणे आहेत : समाजाचे तुकड्यांत विभाजन, उतरंड, खाण्यापिण्याचे व संपर्काचे निर्बंध, नागरी आणि धार्मिक हक्कांतली विषमता, व्यवसाय निवडण्यावर बंधन आणि विवाहावर बंधन. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी ही यादी तोंडपाठ केली आहे. यादी म्हणून ती चोख आहे, पण तीत सहाही लक्षणे शेजारी-शेजारी बसतात. कोणते लक्षण बाकीच्यांना धरून ठेवते हे त्यातून कळत नाही. आंबेडकरांनी सोळा वर्षांपूर्वी नेमके त्यालाच हात घातला होता. ग्रंथाचा जास्त जिवंत भाग वंशाविषयीचा आहे. रिस्ले यांचीच मापे घेऊन घुर्ये यांनी दाखवले की नाक आणि जात यांची जोडी उत्तरेत, गंगेच्या खोऱ्यात थोडीफार जुळते. मुंबई इलाख्यात आणि अन्यत्र ती जुळत नाही. सरकारी आकडे सरकारी निष्कर्षाविरुद्ध वापरण्याची ही रीत विद्यार्थ्यांना फार आवडे.

उपायाबाबत घुर्ये आणि आंबेडकर एका जागी येतात आणि लगेच दोन दिशांना जातात. जात विरघळवायची तर आंतरजातीय विवाह हवेत, असे दोघेही म्हणत. आंबेडकरांनी १९३६च्या ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात, लाहोरच्या आयोजक मंडळाने होऊ न दिलेल्या त्या भाषणात, हे ठासून लिहिले. पण राखीव जागांनी जातिभावना घट्ट होईल, अशी घुर्ये यांची धारणा होती. आदिवासींबाबतही मानवशास्त्रज्ञ वेरिअर एल्विन यांच्याशी वाद घालताना त्यांनी आदिवासींना मागासलेले हिंदू ठरवले. फरक नोंदवायचा आणि शेवटी तो एका मोठ्या हिंदू प्रवाहात मिटलेला दाखवायचा, हा त्यांच्या लेखनाचा कल होता.

घुर्ये यांच्याकडून मुंबईला आणखी एक गोष्ट मिळाली : वंशावळ घेण्याची पद्धत. ती त्यांचे गुरू रिव्हर्स यांची. कागदावर पुरुषाला त्रिकोण, स्त्रीला वर्तुळ, लग्नाला दोन आडव्या रेघा. ‘मामा’, ‘आत्या’ असे नातेवाचक शब्द आधी विचारायचे नाहीत; नावे विचारायची, कोण कोणाच्या पोटचे ते विचारायचे, माहेर कुठले, दिलेले गाव कुठले. सांगायला सोपे, पण साताऱ्या-सांगलीकडच्या ओसरीवर बसले की अडचणी सुरू होतात. जुन्या पिढीतली बाई नवऱ्याचे नाव घेत नाही. उखाण्यात घेईल, कागदावर लिहून देण्यासाठी घेणार नाही. मग शेजारच्या पोराला हाक मारून ते वदवून घ्यावे लागते. लहानपणी वारलेली मुले गाळली जातात. पळून जाऊन लग्न केलेली मुलगी तर कित्येकदा वंशावळीत नसतेच. तिच्या वर्तुळाची जागा कोरी राहते आणि ती कोरी का, हे तिसऱ्या-चौथ्या भेटीत कुणीतरी मागच्या दाराने सांगते. मराठा घरात देवक विचारावे लागते. कळंब, पंचपल्लव, मोरपीस. देवक एक निघाले की सोयरीक होत नाही. अशा पंधरा-वीस वंशावळी शेजारी मांडल्या की गावाच्या मुली कोणत्या दिशेला जातात आणि सुना कुठून येतात हे डोळ्यांना दिसू लागते. कुणी न सांगितलेला नियम कागदावर उमटतो.

या पद्धतीचा सर्वांत मोठा वापर इरावती कर्वे यांनी केला. जन्म १९०५, ब्रह्मदेशात. बालपण पुण्यात रँग्लर परांजप्यांच्या घरी. मुंबईला घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी चित्पावनांवर, म्हणजे स्वतःच्याच जातीवर, एम.ए.चा प्रबंध लिहिला. तिथून बर्लिनला मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्याकडे. मानवी कवटीच्या असमतेचा संबंध वंशाशी आहे, युरोपीय कवटी त्यात वेगळी, असे फिशर यांचे गृहीतक. कर्वे यांनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष मांडला. मार्गदर्शकाच्या आवडत्या कल्पनेला, त्या काळच्या बर्लिनमध्ये, एका परदेशी विद्यार्थिनीने दिलेला हा नकार होता. १९३९ साली डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले तेव्हा त्या तिथे रुजू झाल्या आणि १९७० पर्यंत, मृत्यूपर्यंत, तिथेच राहिल्या.

भारतातील आप्तसंबंधांवरचा त्यांचा ग्रंथ १९५३चा. देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग त्यांनी पाडले. उत्तरेत मुलगी दूर आणि अनोळखी घरात द्यायची. दक्षिणेत आधीच नात्यातल्या घरात, अगदी मामालाही. महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात येतो. इथे कित्येक जातींत मामाची मुलगी करणे पसंत, आत्याची मुलगी करणे मात्र बहुधा वर्ज्य. म्हणून सुनेची सासू ही तिची आत्या असण्याची सोय राहते, आणि जिथे नाते नसते तिथेही सून सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणते. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने सपिंड नात्यातले विवाह अवैध ठरवले, पण रूढीला मोकळीक ठेवली. मामाच्या मुलीशी लग्न कायद्यात टिकते ते त्या मोकळिकीमुळे.

जात कशी बनली याबाबत कर्वे यांनी गुरूशीच वाद घातला. एक मोठी जात फुटत-फुटत पोटजाती झाल्या, हे घुर्ये यांचे मत. कर्वे यांनी कुंभारांकडे बोट दाखवले. महाराष्ट्रातले थोरचाके कुंभार मोठ्या चाकावर घडवतात, लहानचाके लहान चाकावर. दोघांचे तंत्र वेगळे, चाली वेगळ्या, सोयरीक नाही. हे एका घरातून फुटलेले भाऊबंद वाटत नाहीत. वेगवेगळीकडून आलेले, एकच धंदा करणारे आणि म्हणून बाहेरच्यांनी एका नावाने पुकारलेले गट वाटतात. म्हणजे खरी जात म्हणजे ज्यांच्यात लग्ने होतात तो छोटा गट; ‘कुंभार’ हा नुसता पुंजका. हे तपासण्यासाठी त्यांनी कैलाश मल्होत्रा यांच्यासह महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांच्या आठ गटांची शरीरमापे आणि रक्तगट तपासले. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या लेखात हे गट एका मुळातून फुटल्याचे चित्र दिसत नाही. वंशशास्त्राची हत्यारे वापरून वंशशास्त्राविरुद्ध जाणारे निष्कर्ष काढायचे, ही कर्वे यांची अजब कसरत. तीवर आज टीका होते आणि ती रास्तही आहे : माणसांची कातडी-कवटी मोजण्याची सवय त्यांनी सोडली नाही. जीवशास्त्र मात्र त्यांच्या प्रश्नाकडे परत आले. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ साली मांडलेल्या निष्कर्षानुसार भारतात सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीपर्यंत गटागटांत सर्रास मिश्रण होत होते. त्यानंतर ते थांबले. कुंपण फार जुने, पण अनादी नव्हे.

कर्वे यांचे दुसरे महत्त्व असे की त्यांनी मराठीत लिहिले. ‘मराठी लोकांची संस्कृती’पासून ‘युगान्त’पर्यंत. पंढरीच्या वारीवरच्या त्यांच्या लेखात एकच दिंडी आहे. ब्राह्मण आणि मराठा वारकरी एकच अभंग म्हणत चालतात, मुक्कामाला पोचले की चुली वेगळ्या मांडतात. लेखिका आपला घास घेऊन पलीकडच्या पंगतीत जाऊन बसते, तेव्हा तिथल्या बायकांशी तिचे जमते. परिषदेतला शोधनिबंध जे सांगू शकत नाही ते या लेखातल्या चुली सांगतात.

घुर्ये यांचेच विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास यांनी कूर्गवरच्या १९५२च्या ग्रंथात संस्कृतीकरणाची कल्पना मांडली : खालची जात वरच्या जातीचे आचार उचलून वर सरकू पाहते. अनुकरणाचे हे सूत्र आंबेडकरांच्या निबंधात छत्तीस वर्षे आधी होते, हे लक्षात यायला विद्यापीठांना बराच वेळ लागला. महाराष्ट्रात या प्रक्रियेची किंमत बायकांनी मोजली. ज्या जातींत विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागत होता, मुलीच्या बापाला देज मिळत होते, तिथे प्रतिष्ठा वाढली तसा पाट बंद झाला आणि देजाच्या जागी हुंडा आला.

तोवर अभ्यास करणारे बहुतेक वरच्या जातींतले होते. ते बदलायला वर्ग बदलावा लागला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे औरंगाबादचे महाविद्यालय १९५० साली सुरू झाले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. त्यातून शिकलेल्या पिढीने लिहायला घेतले. विद्यापीठात प्रवेश मिळणे वेगळे आणि विद्यापीठ आपले म्हणणे वेगळे : मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव जुलै १९७८ मध्ये झाला, दलित वस्त्या पेटल्या आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला.

कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ १९८१चे. महार समाजात जन्मलेल्या कुमुद सोमकुवर नागपुरात संस्कृत घेऊन एम.ए. झाल्या. देववाणी शिकलेली ही मुलगी कौतुकाचा विषय झाली, नोकरी मात्र मिळेना. आंतरजातीय विवाह झाला, आडनाव पावडे झाले आणि मग प्राध्यापकी मिळाली. नोकरी आपल्या संस्कृतला मिळाली की नवऱ्याच्या कुणबी-मराठा आडनावाला, हा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडला आहे. विवाह आणि जात यांच्या नात्याचा असा पुरावा वंशावळीच्या तक्त्यात सापडत नाही.

अशी आत्मकथने समाजशास्त्राचे साधन म्हणून वाचायला हवीत, हा आग्रह पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रातून पुढे आला. महाराष्ट्रात स्त्री अभ्यासाची सुरुवात १९७४ साली एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांनी केली होती. पुण्याचे केंद्र १९८७चे. विद्युत भागवत आणि शर्मिला रेगे यांनी तिथे जात हा स्त्री अभ्यासाचा गाभा केला. दलित स्त्री वेगळे का बोलते यावरचा रेगे यांचा १९९८चा लेख तेव्हाच्या स्त्री चळवळीलाही झोंबला, कारण त्या चळवळीची ‘स्त्री’ बहुधा सवर्ण होती आणि दलित चळवळीचा ‘दलित’ बहुधा पुरुष. २००६च्या पुस्तकात त्यांनी बेबी कांबळे, शांताबाई दाणी, मुक्ता सर्वगौड, उर्मिला पवार आदींची आत्मकथने समाजशास्त्रीय पुरावा म्हणून मांडली. २०१३ साली, मृत्यूच्या वर्षी, आलेल्या संपादित ग्रंथात १९१६चा तो कोलंबियातला निबंध त्यांनी स्त्रीवादी लेखन म्हणून पुढे ठेवला. केंद्राने मराठीतून वाचनसाहित्य तयार केले हेही त्या कामाइतकेच महत्त्वाचे, कारण तोवर तालुक्याच्या कॉलेजातून आलेली मुलगी बहुधा आपल्याच गावाविषयी इंग्रजीत वाचून परीक्षा देत होती.

ज्यांच्या वाट्याला अनुभव येतो ते माहिती पुरवतात आणि सिद्धांत दुसरेच मांडतात, ही विभागणी गोपाळ गुरू यांनी २००२ साली उघड केली. सुंदर सरुक्काई यांच्याबरोबर त्यावर झालेला वाद २०१२ साली पुस्तकरूपाने आला. बाहेरच्या माणसाला दुसऱ्याच्या दुःखावर सिद्धांत मांडता येतो का, या प्रश्नावर दोघांचे एकमत नाही. वर्गात हा वाद सुरू झाला की हजेरीपटावरची आडनावे अचानक सगळ्यांना दिसू लागतात.

बेटीव्यवहाराचे देशपातळीवरचे मोजमाप राष्ट्रीय उपयोजित अर्थसंशोधन परिषद आणि मेरीलँड विद्यापीठ यांच्या भारत मानव विकास सर्वेक्षणात मिळते. त्यात विवाहित स्त्रीला साधा प्रश्न विचारतात : तुमच्या नवऱ्याचे घर आणि तुमचे माहेर एकाच जातीचे का? २०११-१२ च्या फेरीत सुमारे ५ टक्के स्त्रियांनी नाही म्हटले. हा आकडाही जपून वापरावा लागतो. जात म्हणजे काय हे इथे उत्तर देणारी बाई ठरवते. लहानचाक्यांच्या घरातली मुलगी थोरचाक्यांकडे दिली तर घुर्ये यांच्या हिशेबाने ती जातीतच राहिली, कर्वे यांच्या हिशेबाने बाहेर गेली. सर्वेक्षकाला ती काय सांगेल हे तिच्या लग्नात कोणकोण मानपान घेऊन आले आणि कोण रुसून घरी बसले, यावर अवलंबून आहे.